बहात्तर तासांचं कपाट

पोरगी सुप्याच्या कंपनीत नेमकं काय करते, हे श्रीमंत ओहोळांना गावात कधी धड सांगता आलं नाही. ते श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यावर हंगामी कामगार. यंत्र म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं बॉयलर आणि उसाची मोळी गिळणारी गव्हाण यायची. सांगवडीच्या पारावर कुणी विचारलं की ते म्हणायचे, "कॉम्प्युटरला ताप येतो का न्हाई, ते बघती आमची भारती." लोक हसायचे. पण खरं सांगायचं तर ते उत्तर चुकीचं नव्हतं.

भारती नगरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि २००३ साली सुपा एमआयडीसीत लागली. कंपनी मदरबोर्ड जोडायची. म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात आतल्या बाजूला जी मोठी हिरवी पाटी असते ना, ती. त्या पाटीवर प्रोसेसरच्या शेजारी एक चौकोनी चिप बसते. प्रोसेसर डोकं चालवतो, मेमरी लक्षात ठेवते, आणि या दोघांचे व बाकी सगळ्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवते ती ही चिप. ती आणि तिच्या जोडीची दुसरी, दोघी मिळून चिपसेट. चिपसेट बंद पडला की सगळा कॉम्प्युटरच मुका.

त्या वर्षांत या एवढ्याशा चिपेवरून जगात मोठी हाणामारी चालली होती. प्रोसेसर बनवणारी बडी कंपनी अमेरिकेतली. ती आपला चिपसेटही विकायची, आणि महाग विकायची. तैवानमधल्या तीन-चार कंपन्या तेच काम करणारी चिप निम्म्या किमतीत द्यायच्या. बडी कंपनी दर वर्ष-दीड वर्षाला प्रोसेसर ज्यात बसतो ती खाचच बदलायची, परवान्याची कागदपत्रं अडवून धरायची. तैवानवाले धावतपळत तिला गाठायचे. सुप्याची कंपनी अशाच एका तैवानी कंपनीचा चिपसेट वापरायची. सुप्यावाल्यांनी एक बोर्ड काढला होता, त्यावर जुनी मेमरी चालायची आणि नवीही. ज्याच्याकडं जे असेल ते त्यानं खोचावं. बड्या कंपनीला हे सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही तिनं केलं नव्हतं. तो बोर्ड कर्जत-जामखेडपासून पार बीडपर्यंत गेला. भारतीला त्या बोर्डाचा अभिमान होता. आपल्यासारख्यांचा विचार करून कुणीतरी काहीतरी बनवलंय, असं तिला वाटायचं.

तिचं काम शेवटच्या टेबलावर होतं. तिथं माणूस उभा मावेल एवढी पोलादी कपाटं होती, आत हीटर. तयार झालेल्या बोर्डांतले नमुने त्या कपाटात पंचावन्न अंशांवर बहात्तर तास चालू ठेवायचे. तिसऱ्या दिवशी बाहेर काढायचे. नमुने तगले तर त्या अख्ख्या लॉटवर तपासणाऱ्याचा शिक्का. भारतीच्या शिक्क्यावर नंबर होता सतरा. तिचा हात इतका बसला होता की कपाट उघडल्यावर येणाऱ्या वासावरून आत काही बिघडलंय का, ते ती सांगायची. मॅनेजर कल्याण निमसे पारनेरकडचा, शेतकऱ्याच्याच घरातला. तो नव्या पोरांना म्हणायचा, "शंका आली तर मला विचारू नका, भारतीला विचारा."

मधल्या काळात तिचं लग्न झालं. नवरा नितीन भिंगारदिवे केडगावचा. त्याला कॉम्प्युटरचा क्लास काढायचा होता. कामगारांच्या सवलतीत भारतीनं बारा बोर्ड मिळवून दिले आणि केडगावात पत्र्याच्या दोन खोल्यांत क्लास सुरू झाला. ते बारा बोर्ड नव्या चिपसेटचे होते, अगदी पहिल्या लॉटमधले.

हा नवा चिपसेट २००५ च्या दिवाळीच्या सुमारास आला. पडद्यावर चित्र उमटवायचं कामही हीच चिप करायची, वेगळं कार्ड लागायचं नाही. स्वस्त आणि झकास. फक्त तापायची फार. नोव्हेंबरमध्ये भारतीनं चाळीस नमुने कपाटात लावले. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर नऊ मेले होते. तिला वाटलं, विजेचं काहीतरी झालं असेल. पुढच्या खेपेला अकरा मेले. तिनं त्यातला एक टेबलावर घेतला आणि सहज चिपेवर अंगठा दाबून बटण लावलं. बोर्ड सुरू झाला. अंगठा काढला, बंद पडला. पुन्हा दाबला, पुन्हा सुरू. चिप कथलाच्या ज्या शेकडो बारीक टाक्यांवर बसते, ते टाके आतून तडकत होते. तापून फुगायचे, निवून आकसायचे, आणि एक दिवस सुटायचे.

ती बोर्ड घेऊन निमसेच्या केबिनमध्ये गेली. त्यानं स्वतः अंगठा दाबून पाहिला, चार वेळा.

"किती तासांनी जातायत?"

"साठाच्या पुढं, साहेब."

त्यानं बोर्ड टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "आजपासून टेस्ट आठ तासांची."

"आठ तासांत काहीच दिसणार नाही, साहेब."

"माहीत आहे मला." त्यानं आवाज खाली आणला. "भारती, बड्या कंपनीचा नवा चिपसेट जानेवारीत येतोय. तो आला की आपला माल कुणी फुकटही नेणार नाही. तैवानवाल्यांनी ही चिप ठरल्यापेक्षा चार महिने आधी काढली ती तेवढ्यासाठीच. आता मी लाईन थांबवली तर ती परत चालू होणार नाही. चारशे माणसं आहेत आत."

"आणि बोर्ड?"

"वर्षाची वॉरंटी आहे. गेले तर बदलून देऊ."

भारती टेबलावर परत आली. चारशेतली ती एक होती. घरी क्लासचं नुकतं कुठं बस्तान बसत होतं, पोटात पाचवा महिना होता. तिनं शिक्का मारला. आधी हात जड झाला, दुपारपर्यंत सवय झाली.

पण ती स्वस्थ बसली नाही, हेही सांगितलं पाहिजे. केडगावात खिडक्यांच्या अॅल्युमिनियमच्या चौकटी बनवणारा एक होता. त्याच्याकडून तिनं तुकडे आणले, करवतीनं त्यांना पंख्यासारख्या पट्ट्या पाडल्या आणि एक जाड ठोकळा तयार केला. कंपनीनं चिपेवर बसवलेला पापडासारखा पातळ तुकडा काढून तिथं हा ठोकळा घट्ट आवळला. असा एक बोर्ड तिनं कपाटाच्या खालच्या कप्प्यात, कुणाला न सांगता, ठेवून दिला. बहात्तर तास झाले, तो चालू. दोनशे तास झाले, तरी चालू. आठ दिवसांनी ती तो घेऊन निमसेकडं गेली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता.

निमसेनं ठोकळा हातात फिरवून पाहिला. "चांगलं केलंस. खरंच चांगलं केलंस," तो म्हणाला. मग ठोकळा टेबलावर ठेवला. "पण हा लावला की गिऱ्हाईक विचारणार, आधीच्या मालाला का नव्हता? आणि किंमत वाढली की आपण बड्या कंपनीच्या पंक्तीला जाऊन बसलो. मग आपला बोर्ड कोण घेणार? मी तैवानला कळवतो."

त्या रविवारी भारतीनं क्लासच्या बाराही बोर्डांना ठोकळे बसवले. नितीननं विचारलं, "हे कशाला?" ती म्हणाली, "गार राहतात." तो हो म्हणून आपल्या कामाला लागला.

डिसेंबरात एका दुपारी गेटवरून निरोप आला, गावाकडचे कुणी भेटायला आलेत. ती बाहेर गेली तर शेलार सर. भाऊसाहेब शेलार सांगवडीच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक. भारतीच्या दहावीच्या फॉर्मवर वडलांची सही नव्हती, ते गव्हाणीवर दुसऱ्या पाळीत होते, तेव्हा हे सायकल मारत कारखान्यावर जाऊन सही घेऊन आले होते. त्यांनी गावातून वर्गणी जमवली होती. दूध संस्थेनं मदत दिली होती, वस्तीतल्या बायकांनीसुद्धा खुरपणीच्या रोजातून भर घातली होती. शाळेत दहा कॉम्प्युटरची खोली करायची होती.

"दुकानदार सतरा गोष्टी सांगतात," सर म्हणाले. "म्हटलं, आपली मुलगीच तिथं आहे. तू सांगशील तो घेऊ."

तेवढ्यात निमसे बाहेरून येत होता. त्यानं सरांना आत नेलं, चहा पाजला, शाळेसाठी म्हणून सूट देऊ केली. "ही आमची सगळ्यात हुशार मुलगी," तो म्हणाला. "हिनं शिक्का मारल्याशिवाय इथून पाटी हलत नाही." सरांची मान ताठ झाली. त्यांनी भारतीकडं पाहिलं. "मग घेऊ ना गं?"

निमसे तिच्याकडं बघत नव्हता. तो कपातल्या चहाकडं बघत होता.

भारतीनं मनाशी भराभर हिशेब केला. गावात आठ-दहा तास भारनियमन. शाळेत वीज असणार दिवसाकाठी जेमतेम तीन तास. तीन तासांत काय तापणार? क्लाससारखे दिवसभर थोडेच चालणार आहेत? आणि एखाद्या रविवारी जाऊन आपण ठोकळे बसवून टाकू.

"घ्या, सर," ती म्हणाली.

सव्वीस जानेवारीला शाळेत खोलीचं उद्घाटन झालं. झेंडावंदनानंतर सरपंचांनी भारतीला शाल-नारळ दिला. श्रीमंत ओहोळांना पुढच्या रांगेत खुर्ची होती. आई आक्काबाई बायकांत बसली होती, शेजारणीनं तिला दोनदा विचारलं, "ती तुझीच ना गं?" सरांनी भाषणात सांगितलं की या गावात वस्तीच्या मुलीला शाळेच्या माठातलं पाणी वरून ओंजळीत घ्यावं लागायचं, ते दिवस मी पाहिलेत. आज तिच्याच हातची वस्तू गावानं आपल्या लेकरांसाठी आणली. टाळ्या झाल्या. भारतीनं शाल घट्ट धरून ठेवली होती. ठोकळे त्या दिवशी तिच्या पिशवीत नव्हते. बसवायचे म्हणजे बोर्डावरचं कंपनीचं सील तोडायचं, आणि का तोडलं ते सांगायचं. मार्चमध्ये सृष्टी जन्मली. त्यानंतरचे रविवार कुठं गेले, ते तिलाही कळलं नाही.

कॉम्प्युटर जूनमध्ये शाळा उघडल्यावर बंद पडायला लागले. आधी दोन, मग एकदम चार. तीन तासच चालतात म्हणून टिकतील, हा तिचा हिशेब मुळातच उलटा होता. कपाटाएवढी धग नसेल तर दिवसभर एकसारखा तापलेला टाका एकवेळ तग धरतो. सांगवडीत वीज यायची, जायची, परत यायची. चिप दिवसातून पाच-सहा वेळा तापायची आणि निवायची. कपाटात जे साठ तासांनी घडत होतं ते गावात भारनियमनानं घडवून आणलं. कंपनीनं बोर्ड बदलून दिले, तसलेच. दिवाळीपर्यंत तेही गेले. पुन्हा तक्रारी करता करता वॉरंटी संपली. दहातला एक उरला, त्यावर कारकून दाखले छापायचा.

केडगावच्या क्लासातले बाराच्या बारा चालू होते.

हे फार दिवस लपून राहण्यासारखं नव्हतं. सांगवडीचे उपसरपंच रामहरी यांची पुतणी त्याच क्लासला होती. ग्रामसभेत रामहरी उभे राहिले.

"एकच कंपनी, एकच माल. नवऱ्याच्या क्लासातलं चालतंय आन् शाळंतलं मढं झालंय. ह्याचा अर्थ काय? निवडून चांगला माल घरी न्हेला आन् नासका गावाच्या गळ्यात मारला. तरी मी म्हनत हुतो, कुनाच्या हातात काय द्यावं ह्याचा इचार करा."

त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ सभेतल्या प्रत्येकाला कळला. श्रीमंत ओहोळ मागं भिंतीला टेकून बसले होते. ते उठले नाहीत.

उठले ते शेलार सर. "रामहरी, जातीवर जाऊ नका," ते म्हणाले. "मी त्या मुलीला आठवीपासून ओळखतो. तिला माहीत असतं तर तिनं मला गेटवरच सांगितलं असतं. दोष असला तर कंपनीचा आहे. तिला काही माहीत नव्हतं, हे मी माझ्या नोकरीची शपथ घेऊन सांगतो."

विषय तिथंच मिटला. सरांच्या शब्दाला गावात वजन होतं.

भारतीला हे सगळं वडलांकडून कळलं. ते केडगावला आले, नातीला मांडीवर घेतलं आणि खाली बघतच बोलले. "सरांनी लाज राखली बग. लई मोठा मानूस." थोड्या वेळानं म्हणाले, "पोरी, तुला ठावं न्हवतं ना?"

"नव्हतं, आबा," भारती म्हणाली.

नितीन दारात उभा होता. तो क्लासच्या खोलीत गेला आणि बराच वेळ तिथंच बसून राहिला. ठोकळे कशासाठी होते, हे त्याला त्या क्षणी समजलं. त्यानं कधी विचारलं नाही. मात्र त्यानंतर ती कामावरून आल्यावर "आज काय झालं कंपनीत?" असं जे तो रोज विचारायचा, तेही त्यानं बंद केलं.

२००७ च्या उन्हाळ्यात भारती एकटीच सांगवडीला गेली. माहेरी न जाता आधी सरांच्या घरी गेली. सर ओट्यावर पेपर वाचत होते. ती खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. कपाट, अंगठा, आठ तास, शिक्का, ठोकळे. निमसेनं पाजलेला तो चहासुद्धा सांगितला. सर पेपरची घडी करत राहिले, घडी लहान लहान होत गेली.

आतून त्यांच्या पत्नी जयमालाबाई चहा घेऊन आल्या, भारतीच्या तब्येतीची, बाळाची चौकशी केली आणि गेल्या. कप दोघांच्या मध्ये राहिले. एरवी सर आधी म्हणायचे, घे गं, निवतोय. त्या दिवशी म्हणाले नाहीत.

"म्हणजे मी ग्रामसभेत खोटी शपथ घेतली," ते शेवटी म्हणाले.

"मी येते सभेत, सर. सगळ्यांसमोर सांगते."

"नको."

"पण सर..."

"नको म्हटलं ना." सरांचा आवाज कधी चढायचा नाही, तो चढला. "रामहरीला एवढंच पाहिजे आहे. तो तुझ्या एकटीचं नाव घेणार नाही, अख्ख्या वस्तीचं घेईल. वस्तीतल्या दोन मुली आता नववीत आहेत. त्यांना पुढं शिकवा म्हणून मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" त्यांनी घडी केलेला पेपर बाजूला ठेवला. "मी गप्प राहणार. पण हे तुझ्यासाठी नाही, एवढं लक्षात ठेव."

भारती उठली. त्यांच्या पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

सुप्याची कंपनी पुढं दोनच वर्षं टिकली. बड्या कंपनीनं नव्या प्रोसेसरचा परवाना तैवानवाल्यांना दिलाच नाही, वकील लावून भांडण लांबवलं. तेवढ्या काळात मेमरी सांभाळायचं काम प्रोसेसरच्याच पोटात गेलं, मग चित्राचंही गेलं. भांडायला चिपच उरली नाही. तैवानच्या त्या कंपनीनं चिपसेट बनवणं सोडलं आणि सुप्यात एका सोमवारी गेटवर नोटीस लागली. ज्या चारशे माणसांसाठी भारतीनं शिक्का मारला होता ती चारशे माणसं उन्हात उभी राहून ती नोटीस वाचत होती. तीही त्यांत होती.

काही वर्षांनी निमसे तिला नगरच्या स्टँडवर भेटला. ठिबक सिंचनाच्या पाइपांची एजन्सी घेतली होती त्यानं. केस पांढरे झाले होते.

"तुझ्या त्या ठोकळ्याचं मी तैवानला कळवलं होतं," तो आपणहून म्हणाला. "फोटोसकट. त्यांचं उत्तर आलं होतं, पुढच्या आवृत्तीत बघू."

"मग?"

"पुढची आवृत्ती निघालीच नाही." तो कसनुसा हसला. भारती हसली नाही. त्याची बस लागली, तो गेला.

कंपनी गेल्यावर तिनं दुरुस्तीचं शिक्षण घेतलं. पुण्यात एकाकडं आठवड्यातून दोन दिवस जाऊन चिप उचलायची, खालचे जुने टाके साफ करायचे, बारीक गोळ्यांचे नवे टाके घालून ती परत बसवायची, हे सगळं शिकली. सावेडीत छोटं दुकान टाकलं. हात तोच होता, नाव झालं. आज पाच तालुक्यांतले दुकानदार त्यांच्याच्यानं न होणारे बोर्ड तिच्याकडं आणून टाकतात.

ते काम हातात बसल्याबरोबर तिनं पहिली गोष्ट केली ती सांगवडीची. शाळेच्या अडगळीतून मेलेले नऊ बोर्ड आणले. तीन आठवडे खपून प्रत्येकाची चिप उचलली, टाके नवे घातले, वर ठोकळा आवळला. सात जिवंत झाले. ते घेऊन ती शाळेत गेली तेव्हा सर निवृत्त झाले होते. नव्या मुख्याध्यापकांनी पावतीवर सही मागितली आणि शिपायाला सांगितलं, "कपाटात ठेव." कॉम्प्युटरच्या खोलीत तांदळाची पोती होती, पोषण आहाराची. ज्या मुलांसाठी ते घेतले होते ती केव्हाच कॉलेजला, नाहीतर ऊसतोडीला गेली होती. असल्या जुन्या बोर्डांवर आता काही चालतही नव्हतं. सातही उत्तम दुरुस्त झालेले बोर्ड कपाटात गेले, आणि कपाटाला कुलूप लागलं.

दोन वर्षांपूर्वी सुप्यातल्या एका नव्या कारखान्यानं तिला बोलावलं. तिथं चार्जरचे बोर्ड बनतात. तपासणीच्या टेबलावरच्या मुलींना तासभर अनुभव सांगा, म्हणाले. तीसेक मुली होत्या, विशीतल्या. भारतीनं टाके दाखवायचे सोडून सांगवडीची गोष्ट सांगितली, काही न वगळता. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग तुम्ही नोकरी सोडायला हवी होती का?"

"मी सोडली असती तर अठरा नंबरनं शिक्का मारला असता," भारती म्हणाली. "पण सर गेटवर आले, तेव्हा 'घेऊ नका' एवढं म्हणता आलं असतं. त्याला नोकरी सोडावी लागत नव्हती."

व्यवस्थापनाच्या बाईंनी घड्याळ बघितलं. पुढच्या बॅचच्या वेळी कळवू म्हणाल्या. त्यांनी काही कळवलं नाही.

गेल्या वर्षी शेलार सर गेले. दहाव्याला भारती नदीवर गेली. नितीनला म्हणाली, येता का? तो म्हणाला, तू जाऊन ये. घाटावर दोन-अडीचशे माणसं होती. रामहरी आता थकले होते, काठी टेकत माइकपाशी आले आणि सरांबद्दल चांगलं बोलले. तालुक्यात पहिली कॉम्प्युटरची खोली आपल्या शाळेत सरांनी आणली, असंही म्हणाले. "ती चालली न्हाई, ती गोष्ट येगळी," असं जोडलं, तेव्हा जुनी माणसं जराशी हसली. नव्या माणसांना ते कळलं नाही.

माणसं पांगायला लागली तशी भारती सरांच्या मुलापाशी गेली. गोरक्षनाथ त्याचं नाव, पुण्याला बँकेत असतो. ती नाव सांगायला लागली तर तो म्हणाला, "ओळखतो ना, ओहोळांची भारती. बाबांच्या तोंडी तुमचं नाव असायचं. अगदी शेवटच्या आजारपणात कुणीतरी तो कॉम्प्युटरचा विषय काढला, तर उठून बसले. म्हणाले, त्या मुलीला काही माहीत नव्हतं. फार जीव होता तुमच्यावर त्यांचा."

भारतीच्या मागं भेटायला आलेल्यांची रांग होती.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "सरांनाही माहीत होतं."

गोरक्षनाथनं तिच्याकडं बघितलं. त्याला ते कळलं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नसतं. दहा दिवस भेटायला येणाऱ्यांपुढं जोडले होते तसेच त्यानं हात जोडले.

"तेराव्याला जेवायला या," तो म्हणाला, आणि मागच्या माणसाकडं वळला.

तेराव्याला ती गेली नाही.